दांतांना कल्हई नाहीं

दंतधावन हा आपल्या दिनचर्येंतील पहिला विधि होय. तोंड धुतल्यावांचून चहाचा पेला ओठांस लावूं नये, ही शिस्त ज्या घरांतून अद्याप पाळली जाते, त्या घरांतील वाचकांस दांत घांसण्याविषयीं चार गोष्टी सांगणें म्हणजे कासाराला बांगड्या विकण्यासारखें आहे, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु जी गोष्ट आपण नित्य करतों, तिजविषयीं विचार करण्याचें आपण बहुधा सोडून देतों. हात आपलें काम करीत असतो आणि मन दिवसाच्या पुढल्या कामांत गुंतलेलें असतें. त्यामुळें अगदीं रोजच्या संवयींतच जुने आणि नवे समज निर्वेधपणें नांदत राहतात. कोळशानें दांत घांसले असतां ते पांढरे होतात, हा असाच एक समज. तो जुनाहि आहे आणि नवाहि आहे; म्हणूनच त्याची थोडी चौकशी करावी असें आम्हांस वाटलें. चौकशीस निमित्त आमच्याच घरांत घडलें. पण तें ओघानें पुढें येईल.

आमचें बालपण रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत गेलें. १९६० च्या आसपासचा तो काळ. मागल्या पडवींत खांबाला एक करवंटी टांगलेली असे आणि तींत घरची राखुंडी. भाताचें तूस जाळून केलेली ती काळीभोर भुकटी रोजच्या खर्चाची. शेणींची राख चाळून ठेवलेली असे, ती भांड्यांनाहि चाले आणि दांतांनाहि. घरांत बदाम फोडले गेले, आणि असा प्रसंग वर्षांतून एखाददुसराच, तर त्यांचीं टरफलें जाळून, त्यांत तुरटीची लाही, मीठ, लवंग आणि कापूर घालून वडील मंडळींसाठीं निराळी राखुंडी होई. आम्हां मुलांना ती मिळत नसे, म्हणून तिची गोडी अधिक. तर्जनीनें दांत घांसूं नयेत, असा आजोबांचा दंडक होता. घांसून झाल्यावर काळी चूळ माडाच्या आळ्यांत कोण नेमकी टाकतो, याची भावंडांत चढाओढ लागे. शहरांतल्या नातेवाइकांकडे गेलों म्हणजे माकडाच्या चित्राची काळी भुकटी पाहावयास मिळे, आणि आमचीच राखुंडी डब्यांत भरून विकतात कीं काय, असें वाटे. पुढें पांढरी भुकटी आली, तिच्या मागोमाग पेस्ट आली; चुलीच्या जागीं गॅस आला, आणि राख नाहींशी झाली तशी राखुंडीहि गेली. कोणीं तिला घालविलें नाहीं. तिचें माहेरच उरलें नाहीं.

ती आतां परत आली आहे. मात्र पूर्वीची ओळख दाखवीत नाहीं. सुबक काळ्या डबींत, ‘ॲक्टिव्हेटेड चारकोल’ असें भारदस्त नांव धारण करून ती दुकानांतून आणि हातांतल्या मोबाईलवरील जाहिरातींतून विराजमान झालेली दिसते. कोणी ती बांबूपासून केली म्हणून सांगतो, कोणी नारळाच्या करवंटीपासून. पूर्वी राखुंडी करवंटींत असे, आतां करवंटीच राखुंडींत आली, एवढाच काय तो फरक, असें कोणी थट्टेनें म्हणेल. परंतु याहून मोठा फरक आहे. आमच्या पडवींतली राखुंडी दांत स्वच्छ करण्यासाठीं होती. डबींतली राखुंडी दांत पांढरे करण्यासाठीं आहे. स्वच्छ आणि पांढरा या दोन शब्दांचा अर्थ एकच, असें आपण गृहीत धरतों, आणि सारा घोंटाळा तेथूनच सुरू होतो.

आमचें कुटुंब आजहि एकत्र आहे. आमच्या मातोश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधु, त्यांच्या सौ. आणि मुलें, असा परिवार. बंधूंची थोरली मुलगी सव्वीस वर्षांची. सनदी हिशेबतपासनीसाची परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरी करते. गेल्या वर्षीं तिच्या लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं. एका स्थळाकडून मध्यस्थांमार्फत उत्तर आलें तें असें, कीं मुलगी सर्व दृष्टींनीं पसंत आहे, फक्त दांत जरा पिवळट वाटतात. त्या मंडळींनीं नकार दिला नव्हता. ‘तेवढें बघा’ म्हणून सुचविलें होतें. निरोप आणणारांनीं तो हंसत हंसत सांगितला, ऐकणारांनींहि हंसण्यावारी नेला, आणि चहाचे पेले उचलले गेले त्याबरोबर तो विसरलाहि गेला. जिच्याविषयीं तो होता, ती मात्र विसरली नाहीं.

पुढें दोनएक महिन्यांनीं जेवणाच्या वेळीं आमच्या लक्षांत आलें, कीं मुलगी ताकाचा घोट एका बाजूनें घेते आणि क्षणभर डोळे मिटते. आंब्याच्या दिवसांत तिनें आमरसाची वाटी बाजूस सारली, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं तिला जवळ बसवून विचारलें. दांतांतून सणक जाते, म्हणाली. थंड सोसत नाहीं, आंबट सोसत नाहीं, नुसता ब्रश लागला तरी अंगावर कांटा येतो. न्हाणीघराच्या फडताळांत काळ्या भुकटीची डबी सांपडली. ती अर्ध्याहून अधिक संपलेली होती. राठ केंसांच्या ब्रशानें, दिवसांतून दोनदां, आणि पांढरेपणा लवकर यावा म्हणून चांगला जोर लावून, असा तिचा क्रम चालला होता.

“अगं, पण आम्हांला सांगायचंस तरी!” सौभाग्यवती म्हणाल्या.

“काय सांगूं, काकू? दांत घांसायला का कुणाची परवानगी लागते? आणि आजीनं नाहीं का जन्मभर राखुंडी लावली?”

आमच्या मातोश्री तेथेंच बसल्या होत्या. त्यांनीं नव्वदी ओलांडली आहे, पण नातीची बाजू घेण्यास त्या अजून कोणाला हार जात नाहींत. “कोळशानं कुणाचं वाईट झालंय?” त्या म्हणाल्या. “तुमचा तो फेस घरांत आला, तेव्हांपासूनच दांतांचे डॉक्टर वाढले.” मातोश्रींच्या तोंडांत आज स्वतःचा एकहि दांत नाहीं, याची त्यांस आठवण करून देण्याचें धैर्य घरांत कोणासहि झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मुलीला घेऊन आम्ही दंतवैद्यांकडे गेलों. त्यांनीं दिव्याच्या उजेडांत एक एक दांत पाहिला. वरच्या दांतांचा पृष्ठभाग हिरडीला लागून झिजला होता. दोन ठिकाणीं हिरडी किंचित् मागें सरली होती. आणि पूर्वी भरून घेतलेल्या एका दांताच्या सांध्यांत काळे कण शिरून बारीक रेघ उमटली होती. मग त्यांनीं खणांतून एक पट्टी काढली. तिच्यावर सोळा कृत्रिम दांत ओळीनें बसविलेले होते आणि प्रत्येकाची छटा निराळी होती : कोणी तांबूस, कोणी पिवळट, कोणी करडा. नवा दांत बसवितांना तो शेजारच्या दांताशीं रंगानें जुळावा, म्हणून ही पट्टी वापरतात. ती त्यांनीं मुलीच्या ओठांजवळ धरली व तिच्या हातीं आरसा दिला. “यांत चुन्यासारखा पांढरा एक तरी आहे का बघ,” ते म्हणाले. “हे सगळे निरोगी माणसांच्या दांतांचे रंग आहेत. तुझे दांत पिवळे पडले नव्हते, बाळ. ते दांतांच्याच रंगाचे होते.”

त्या दिवशीं त्यांनीं जें समजावून सांगितलें, आणि त्यानंतर आम्हीं जें वाचून पाहिलें, त्याचा सारांश येथें देतों. दांत बाहेरून आंतपर्यंत एकाच पदार्थाचा नसतो. बाहेर एक कवच असतें; त्यास मराठींत दंतवल्क म्हणतात, आणि दंतवैद्यांच्या बोलण्यांत इनॅमल. वजनांत शेंकडा सुमारें ९६ भाग खनिज असलेलें हें कवच मनुष्याच्या शरीरांतील सर्वांत कठीण वस्तु होय. दाढांच्या उंचवट्यांवर तें दोन-अडीच मिलिमीटर जाड असतें, आणि हिरडीकडे येतां येतां कागदासारखें पातळ होऊन संपतें. शिवाय तें कांहींसें पारदर्शक असतें. त्याच्या आंत डेंटिन नांवाचा दुसरा थर असतो. तो कवचाहून मऊ, आणि स्वभावतःच पिवळट. म्हणजे आपणांस जो दांताचा रंग दिसतो, तो पुष्कळ अंशीं या आंतल्या थराचा, कवचांतून गाळून आलेला रंग होय. यावरून एक चमत्कारिक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत येईल. पांढरेपणासाठीं कवच घांसून घांसून पातळ केलें, तर आंतला पिवळेपणा अधिकच उघडा पडतो. पहिल्या आठवड्यांत वरचे डाग निघाल्यामुळें दांत उजळ दिसतात. त्यानें उत्साह वाढतो व हाताला जोर चढतो. आणि पुढें जसजसें घांसावें, तसतसा आंतला रंग वर येऊं लागतो.

गृहिणींस हें समजण्यास दूर जावयास नको. पितळेच्या पातेल्याला आंतून कल्हई असते. तें पातेलें राखेनें आणि काथ्यानें रोज खसखसून घांसलें, तर चकचकीत दिसतें खरें. पण कल्हई झिजते आणि एके दिवशीं खालचें पितळ पिवळें डोकावूं लागतें. पातेल्यांसाठीं कल्हईवाला आहे. पूर्वी तर तो दारावर येत असे. दांतांसाठीं कल्हईवाला नाहीं. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येण्यापूर्वींच आपलें काम आटोपून नाहींशा होतात. हाड मोडलें तर सांधतें, कातडी कापली तर भरून येते, नख तुटलें तर वाढतें. दंतवल्क एकदां झिजलें तें गेलें. लाळेंतील खनिजें आणि फ्लोराइड यांच्या योगानें त्याची किरकोळ डागडुजी होते, पण गेलेला थर पुन्हां येत नाहीं.

आतां कोळशाकडे वळूं. कोळशाची कीर्ति अगदींच खोटी नाहीं, आणि म्हणूनच ती फसवी आहे. लांकूड किंवा करवंटी पुरेशा हवेवांचून तापविली म्हणजे कोळसा होतो. त्यावर प्रखर उष्णतेंत वाफेचा प्रयोग केला, म्हणजे त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रें पडतात. अशा एक ग्रॅम कोळशाच्या आंतबाहेरच्या पृष्ठभागाचें क्षेत्रफळ हजार चौरस मीटरांच्या घरांत जातें. म्हणजे चिमूटभर भुकटींत जवळजवळ दहा गुंठे जमीन! या पृष्ठभागावर नानाविध पदार्थ चिकटून राहतात. १७८५ सालीं लोविट्झ नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें कोळशाच्या योगानें द्रावणांचा रंग जातो असें दाखविलें, आणि पुढें हाडांच्या कोळशांतून साखरेचा पाक गाळून तो पांढरा करण्याची रीत युरोपांत रूढ झाली. विलायती साखर आपल्या वाडवडिलांपैकीं पुष्कळांनीं वर्ज्य केली, तीस स्वदेशीच्या अभिमानाबरोबर हाडांचा हा विटाळहि कारण होता. आज घरोघरच्या पाणी गाळण्याच्या यंत्रांत कोळसा असतो. कित्येक विषबाधांत वैद्य तो पोटांत देतात. मग जो कोळसा साखर पांढरी करतो, तो दांत कां पांढरे करणार नाहीं?

याचें उत्तर असें, कीं साखरेचा रंग पाकांत विरघळलेला असतो आणि तो पाक कोळशांतून सावकाश झिरपतो. दांतांवरचा चहाचा, कॉफीचा किंवा विड्याचा डाग विरघळलेला नसून चिकटून बसलेला असतो. आणि कोळसा तोंडांत राहतो दोनतीन मिनिटें, तोहि लाळेंत कालवलेला. तेवढ्या वेळांत तो दांतावरचा डाग ओढून घेतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. जो डाग निघतो, तो घांसल्यामुळें निघतो. शिवाय कांहीं डाग मुळांत दांताच्या आंतच असतात. लहानपणीं दांत घडत असतांना टेट्रासायक्लीनसारखें औषध पोटांत गेलें, तर दांतांवर करडे-पिवळे पट्टे येतात. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत कित्येक गांवीं विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराइड प्रमाणाबाहेर असल्यामुळें मुलांच्या दांतांवर खडूसारखे किंवा तपकिरी डाग उमटतात. कोळसा यांच्यापर्यंत पोंचतच नाहीं. तेथें जन्मभर घांसलें, तरी झिजेल तें कवच. डाग जेथल्या तेथें राहील.

म्हणजे प्रश्न शेवटीं घर्षणाचा उरतो. खनिजांच्या काठिण्याची एकपासून दहापर्यंत मोजपट्टी आहे. तिच्यावर दंतवल्काचा क्रमांक सुमारें पांच, डेंटिनचा तीन ते चार, आणि गारगोटीचा सात. निर्मळ कोळसा हाताला मऊ लागतो. पण भुकटी कशापासून केली, किती बारीक दळली, आणि तींत आणखी काय मिसळलें, यांवर सर्व अवलंबून असतें. आमच्या पडवींतल्या राखुंडीचें पाहा. भाताच्या तुसाच्या राखेंत शेंकडा ऐंशींहून अधिक भाग सिलिका निघते, म्हणजे गारगोटी ज्या द्रव्याची बनलेली असते तेंच द्रव्य. शेणीच्या राखेंत अंगणांतली वाळू येते, ती निराळीच. कारखान्यांत होणाऱ्या पेस्टची झिजविण्याची शक्ति मोजण्याची रीत ठरलेली आहे, आणि आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें तो अंक २५० च्या वर जातां कामा नये. घरच्या राखेला असें माप कोण लावणार? आणि काळ्या डब्यांवर तरी तो अंक छापलेला आम्हांस दिसला नाहीं.

जाणत्यांनीं याविषयीं काय म्हटलें आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या संघाच्या मासिकांत २०१७ सालीं कोळशाच्या दंतमंजनांविषयीं तोंवर झालेल्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. हीं मंजनें निर्धोक आहेत किंवा गुणकारी आहेत, असें म्हणण्यास पुरेसा पुरावा नाहीं. सबब दंतवैद्यांनीं आपल्या रोग्यांस सावध करावें, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१९ सालीं ब्रिटनमधील दंतवैद्यकीय नियतकालिकांत आलेला आढावाहि याच मताचा आहे. अशा पुष्कळ मंजनांत फ्लोराइड नसतें, हा दुसरा तोटा. म्हणजे किडीपासून जें रक्षण करतें तें वगळून, जें झिजवितें तेवढेंच आपण तोंडांत घालतों.

मग आमच्या मातोश्रींच्या म्हणण्याचें काय? वडीलधाऱ्यांचा अनुभव थट्टेवारी नेणें आम्हांस मान्य नाहीं; पण तो अनुभव नेमका कशाचा होता, हें पाहिलें पाहिजे. त्या काळीं राखुंडी बोटानें लावीत, राठ ब्रशानें नव्हे. ती दिवसांतून एकदां लावीत, आणि तोंड स्वच्छ झालें म्हणजे काम संपे. आरशापुढें उभें राहून दांत किती उजळले हें कोणी पाहत नसे. साखर बेताची होती. गोड पदार्थ सणावारीं होत. बिस्किटें आणि बाटलींतलीं पेयें घरांत नव्हतीं. दांत किडत नसत त्याचें श्रेय आपण राखेला दिलें, पण त्यांतलें बरेंचसें श्रेय रिकाम्या साखरेच्या डब्याला होतें. आणि दांत झिजले, हलले, पडले, तरी तें वयाचें लक्षण म्हणून कोणी त्याची दाद लावीत नसे.

शिवाय राखुंडी म्हणजे शास्त्र, असें समजण्याचेंहि कारण नाहीं. चरक व सुश्रुत या दोघांनींहि दंतधावन सांगितलें आहे, तें झाडाच्या कोंवळ्या काडीनें. सुश्रुतानें कडूंत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ मानला. काडीचें टोंक चावून मऊ कुंचल्यासारखें करावें, एकेक दांत वेगळा घांसावा, चूर्ण लावावयाचें तर तें मध किंवा तेल यांत कालवून लावावें, असा त्याचा विधि आहे. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही, कीं हिरड्यांना इजा होतां कामा नये. चरकानेंहि हीच अट घातली आहे. धर्मशास्त्रांतील आह्निकप्रकरणांत वीट, ढेंकूळ, दगड यांनीं दांत घांसण्याचा निषेध आहे, आणि ज्या तिथींस काडी वर्ज्य, त्या दिवशीं बारा चुळा भरून मुखशुद्धि करावी असें सांगितलें आहे. महामहोपाध्याय काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत या प्रकरणाचा विस्तारानें विचार केला आहे. जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा. तात्पर्य, आपल्या पूर्वजांचा कटाक्ष शुद्धीवर व मार्दवावर होता. कठीण वस्तूनें खरडणें त्यांना संमत नव्हतें. आणि दांतांचा रंग हा तर त्यांच्या विधींत प्रश्नच नव्हता.

काळ्या भुकटीची गोष्ट निघालीच आहे, तर तिच्या एका घातक बहिणीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली मशेरी आपल्या प्रांतांत असंख्य स्त्रिया दांतांना लावतात, आणि पुष्कळजणी तिला व्यसन न म्हणतां दांत घांसणेंच म्हणतात. मुंबईंतील १२१७ गर्भवतींच्या पाहणीचा वृत्तांत २००४ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आला. धूर न काढतां तंबाखू वापरणाऱ्या, आणि त्यांत मुख्यतः मशेरी लावणाऱ्या, मातांच्या अर्भकांचें वजन सरासरीनें १०५ ग्रॅम कमी भरलें. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास सरकारनें १९९२ सालींच बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला ही बंदी कशी अडविणार? आपल्या घरीं ती नसेल. पण आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईंच्या कमरेच्या पिशवींत असण्याचा संभव आहे. गृहिणींनीं हें एवढें तिच्या कानांवर घालावें. कोळशानें दांत झिजेल. मशेरीनें तोंडाला कर्करोग जडूं शकतो, आणि पोटांतल्या जिवालाहि ती सोडीत नाहीं.

आतां काय करावें, तें थोडक्यांत. ब्रश मऊ केंसांचा असावा, आणि तो लेखणीसारखा हलक्या हातानें धरावा. मुठींत धरला म्हणजे जोर आपोआप वाढतो. दिवसांतून दोनदां, दोन मिनिटें, फ्लोराइडयुक्त पेस्टनें घांसावें. रात्रीं निजण्यापूर्वींचें घांसणें अधिक महत्त्वाचें. आपल्या गांवच्या पाण्यांतच फ्लोराइड अधिक असेल, तर मुलांच्या बाबतींत दंतवैद्यांस विचारून पेस्ट ठरवावी. लिंबू, चिंच, कैरी असें आंबट खाल्ल्यावर लगेच घांसूं नये. आम्लानें कवच तात्पुरतें मऊ झालेलें असतें, म्हणून चूळ भरून अर्धा-पाऊण तास जाऊं द्यावा. लिंबू आणि मीठ किंवा लिंबू आणि सोडा दांतांना चोळण्याचा घरगुती उपाय याच कारणास्तव कोळशाहून बरा नाहीं. चहा-विड्याचे डाग दंतवैद्य एका बैठकींत काढून देतात. त्याउपरहि रंग उजळावासा वाटलाच, तर पेरॉक्साइडचा उपचार आहे. तो कवच खरवडीत नाहीं, पण त्यानेंहि कांहीं काळ सणक येऊं शकते, म्हणून तो जाणत्याच्या देखरेखीखालींच करावा. आणि ज्यांना राखुंडीची फारच आठवण येत असेल, त्यांनीं ती भांड्यांसाठीं ठेवावी. अर्थात् कल्हईच्या भांड्यांसाठीं नव्हे.

आमच्या पुतणीची सणक तीनचार महिन्यांत पुष्कळ कमी झाली. झिजलें तें झिजलेंच. पण आणखी झिजणें थांबलें. त्या स्थळाकडून पुन्हां विचारणा झाली, तेव्हां तिनें स्वतःच नको म्हणून सांगितलें. कारण विचारतां एवढेंच म्हणाली, “काका, त्यांनीं दांत पाहिले तें ठीक, पण मी हंसत होतें, तें कुणीं पाहिलंच नाहीं.” यावर बोलण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नव्हतें. मातोश्रींनीं मात्र कवळी सांवरीत तिच्या पाठीवरून हात फिरविला.

आम्हांस वाटतें, कोळशाच्या निर्धोकपणाचा प्रश्न डबीवर वाचून सुटणारा नाहीं. ती डबी आमच्या घरीं येण्याआधीं एक शब्द आला होता. ‘पिवळट’ हा शब्द ज्यांनीं उच्चारला, त्यांना तो आठवतहि नसेल. जिनें ऐकला, तिनें तो दोन महिने सकाळ-संध्याकाळ दांतांवर घांसला. बैलाचे दांत पाहून त्याचें वय ठरवितात, तें बाजारांत. घरांत सून पाहतांना तीच दृष्टि वापरूं नये. मुलें वयांत येतात, आरशापुढें अधिक वेळ उभीं राहूं लागतात. अशा वेळीं त्यांच्या रंगाविषयीं, उंचीविषयीं, केंसांविषयीं, दांतांविषयीं आपण सहज म्हणून जें बोलतों, तें त्यांना सहज म्हणून ऐकूं येत नाहीं. दांत निरोगी आहेत ना, हिरड्यांतून रक्त येत नाहीं ना, थंड पाणी सुखानें पितां येतें ना, एवढें विचारणें वडिलांचें कर्तव्य आहे. तें त्यांनीं जरूर विचारावें. रंगाविषयीं मात्र मौन पाळावें. तेवढ्यानें पुष्कळ घरांतील पुष्कळ दांतांचें कवच शाबूत राहील.